अमेरिकेत बर्गरच्या शोधात: साखळी दुकानं सोडून गावोगावच्या तव्यापर्यंत कसं पोचावं

अमेरिकेत हायवे सोडून गावात वळलं की आधी दिसतात त्या साखळी दुकानांच्या उंच पाट्या. आणखी मैलभर आत, जुन्या बाजारपेठेत किंवा रेल्वेमार्गाजवळ, बऱ्याच गावांत एक लहानसं दुकान असतं. आठ-दहा स्टुलं, समोर तवा, भिंतीवर मेन्यू, गल्ल्यावर मालकाच्या घरचंच कोणीतरी. तिथला बर्गर त्या गावाच्या पद्धतीने होतो आणि शंभर मैलांवर तो तसा मिळत नाही. अशा दुकानांसाठी दौरा काढायचा असेल तर काय काय लागतं, कुठे फसगत होते, ते इथे क्रमाने दिलं आहे. शिकायला आलेले विद्यार्थी, नोकरीसाठी आलेली मंडळी, मुलांकडे काही महिने राहायला आलेले आईवडील, सगळ्यांनाच हे वापरता येईल.

'अमेरिकेतले सर्वोत्तम बर्गर' छापाच्या याद्या घेऊन निघू नका. त्यांत मोठ्या शहरांतली महागडी रेस्तराँ भरलेली असतात आणि त्यांचे बर्गर एकमेकांसारखेच लागतात. त्याऐवजी पद्धत धरून निघा. प्रत्येक प्रांताची पद्धत तिथल्या कुठल्यातरी अडचणीतून किंवा हाताशी असलेल्या मालातून आली आहे, आणि ती खायला तिथेच जावं लागतं.

## १. आधी पद्धत निवडा, मग दुकान

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. देश एका दमात होत नाही. एका दौऱ्याला एक पट्टा घ्या.

ओक्लाहोमा: कांद्याचा बर्गर. पहिलाच दौरा असेल तर आमचं मत इथेच. ओक्लाहोमा सिटीहून पश्चिमेला साधारण ३० मैलांवर, रूट ६६ या जुन्या हायवेवर, एल रीनो नावाचं गाव आहे. १९२० च्या दशकात रेल्वे कामगारांच्या संपामुळे आणि पुढे मंदीमुळे लोकांच्या हातात पैसा राहिला नाही. मांस महाग, कांदा स्वस्त, म्हणून मांसाच्या बरोबरीने कांदा घालायची रीत पडली. आज रॉबर्ट्स ग्रिल (१९२६), जॉनीज ग्रिल (१९४६) आणि सिड्स डायनर ही तिन्ही दुकानं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकाच पद्धतीचे तीन हात एका दुपारी चाखायला मिळतात, असं दुसरं गाव सापडणं कठीण.

तव्यासमोरचं स्टूल मिळवा आणि नीट बघा. मांसाचा गोळा तव्यावर पडतो, त्यावर कागदासारखा पातळ चिरलेला कांदा मूठभर टाकतात आणि उलथन्याने दाबून दाबून तो मांसात बसवतात. उलटल्यावर कांदा खाली जातो आणि मांसाच्याच चरबीत परतला जातो. त्याच्या कडा काळपट, कुरकुरीत होतात आणि आतला भाग गोड, मऊ राहतो. तोवर बनची दोन शकलं वर ठेवलेली असतात, ती कांद्याच्या वाफेने मऊ पडतात. हातात आलेल्या बर्गरमधला कांदा पांढराच असेल तर तो वेळेआधी उचलला असं समजा. गर्दीच्या वेळी असं होतं, म्हणून दुपारी दोननंतर जावं.

कनेक्टिकट आणि न्यू जर्सी. एडिसन, जर्सी सिटी भागातल्या मराठी मंडळींना हा पट्टा शनिवार-रविवारात जमतो. न्यू हेवनचं लुईज लंच १८९५ पासून एकाच कुटुंबाकडे आहे. अमेरिकेतला पहिला हॅम्बर्गर १९०० साली आपणच दिला असा त्यांचा दावा आहे. असेच दावे विस्कॉन्सिनमधलं सीमोर, टेक्ससमधलं अथेन्स, न्यूयॉर्क राज्यातलं हॅम्बर्ग अशा आणखी गावांचे आहेत, त्यामुळे त्या वादात पडण्यात अर्थ नाही. लुईजची भट्टी मात्र बघण्यासारखी: ओतीव लोखंडाची, उभी, जाळीत धरलेलं मांस दोन्ही बाजूंनी एकदम भाजणारी. बनऐवजी पांढऱ्या पावाचे टोस्ट. वर फक्त चीज, टोमॅटो, कांदा. केचप, मस्टर्ड, मेयोनेज दुकानात नाहीच आणि मागितलेलं त्यांना आवडत नाही.

तिथून २० मैलांवर मेरिडन गावात टेड्स (१९५९) आहे. तिथे वाफेवरचा चीजबर्गर मिळतो. स्टीलच्या कपाटात छोट्या ट्रे सरकवतात, काहींत मांस, काहींत चीज. दोन्ही वाफेवर शिजतात आणि वितळलेलं चीज वरून ओततात. इथे खरपूस कड शोधू नका. वाफेवर मांस तांबूस होतच नाही, ते राखाडी दिसतं. चव रसाळपणात आणि चीजमध्ये आहे. न्यू जर्सीला परतताना हॅकेनसॅकचं व्हाइट मॅना (१९४६) घ्या. चिमुकले बर्गर, कांद्यावर वाफवलेले, मऊ बटाटा-बनमध्ये. जर्सी सिटीत जवळपास त्याच नावाचं दुसरं दुकान आहे. त्याची इमारत १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातली आहे. नकाशावर दोघांची गल्लत होते, पत्ता तपासूनच निघा.

मध्य-पश्चिम. विस्कॉन्सिन हे दुधदुभत्याचं राज्य, त्यामुळे तिथे बर्गरवर लोणी. मिलवॉकीला लागून असलेल्या ग्लेनडेलमधलं सॉलीज ग्रिल (१९३६) हे त्याचं जुनं ठिकाण. लोणी चमचाभर नसतं, चांगला गोळाच असतो आणि ते ताटलीत उतरतं. बर्गर आल्याबरोबर खायचा, कारण पाच मिनिटांत खालचा बन ओला होऊन तुटतो.

मिनीॲपोलिसमध्ये जूसी लूसी: दोन पातळ टिक्क्यांच्या मध्ये चीज ठेवून कडा बंद करतात. सीडर ॲव्हेन्यूवरची मॅट्स बार आणि फाइव्ह-एट क्लब ही दोन ठिकाणं त्यावरचा हक्क सांगतात, अंतर जेमतेम तीन मैल. नवखे लोक जीभ भाजून घेतात ते इथेच. आतलं चीज उकळत्या पाकासारखं असतं. वाढल्यावर चार-पाच मिनिटं थांबा, मग कडेला लहानसा घास घेऊन वाफ जाऊ द्या.

मिशिगनमध्ये ॲन आर्बरचं ब्लिम्पी बर्गर (१९५३) आणि डिअरबॉर्नची मिलर्स बार (१९४१) अर्ध्या दिवसात होतात. मिलर्समध्ये छापील मेन्यू नाही, ताटल्या नाहीत, मेणकागदावर बर्गर. काय खाल्लं ते शेवटी आपणच सांगायचं आणि पैसे द्यायचे. शिकागोहून ७० मैलांवर न्यू बफेलोचं रेडमॅक्स आहे, पण ते हिवाळ्यात बंद असतं.

कॅन्ससमधलं सलायना. कोझी इन, १९२२ पासून, सहा स्टुलं. लहान कांदा-बर्गर, चीज नाही, तळलेले बटाटे नाहीत, मोकळी जागाही नाही. कांद्याचा वास कपड्यांत दिवसभर राहतो, म्हणून जाड जॅकेट गाडीत काढून ठेवा.

दक्षिण. मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरचं डायर्स (१९१२) बर्गर तेलात तळतं. तीच चरबी गाळून, नवी मिसळून पुढे चालवत आलो असं ते सांगतात. मिसिसिपीतल्या कॉरिंथला स्लगबर्गर: मांस पुरवठ्याला यावं म्हणून त्यात पीठ किंवा सोया मिसळायची जुनी रीत, आणि मग तळणं. कोलंबिया, साउथ कॅरोलिनात पिमेंटो चीजचा बर्गर, म्हणजे चेडर, मेयोनेज आणि लाल गोडसर मिरचीचं मिश्रण वर. मायामीत क्यूबन लोकांची फ्रिता: मसाल्याची टिक्की आणि वर काडीसारखे तळलेले बटाटे. कोथिंबीर-मिरचीच्या सवयीच्या जिभेला फ्रिता पटकन आवडते.

न्यू मेक्सिको. हिरव्या मिरचीचा चीजबर्गर. हॅच खोऱ्यातली मिरची ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघते आणि दुकानांसमोर फिरत्या जाळीच्या पिंपांत आगीवर भाजतात. तिखटपणा पिकागणिक बदलतो, कधी सौम्य, कधी आपल्यालाही घाम फुटेल इतका. राज्याच्या पर्यटन खात्याने या बर्गरचा अधिकृत मार्गच आखला आहे. तो मार्ग घ्या, पण एका दिवशी दोनच थांबे धरा, कारण गावं लांब लांब आहेत. अल्बुकर्कच्या दक्षिणेला सॅन अँटोनियो नावाच्या गावात आउल बार (१९४५) आहे. हिवाळ्यात गेलात तर शेजारच्या बॉस्के देल अपाचे अभयारण्यात क्रौंच पक्ष्यांचे थवेही दिसतात.

इथला सापळा: टेक्ससमधलं मोठं सॅन अँटोनियो हे दुसरंच शहर, सहाशे मैलांहून जास्त लांब. तिथे ख्रिस मॅड्रिड्स (१९७७) मध्ये राजम्यासारख्या दाण्यांचं वाटण आणि मक्याचे चिप्स घातलेला बर्गर मिळतो. नकाशात राज्याचं नाव टाकल्याशिवाय 'स्टार्ट' दाबू नका.

पश्चिम. लॉस एंजेलिसचं ॲपल पॅन (१९४७) आणि पॅसाडीनाचं पाय अँड बर्गर (१९६३): दोन्हींकडे लांब काउंटर, कागदात गुंडाळलेला बर्गर, कोशिंबिरीसारखा भरपूर लेट्यूस, जेवणानंतर 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. सॉल्ट लेक सिटीत ग्रीक कुटुंबांनी रुजवलेला पास्ट्रामी (मसाला लावून मुरवलेलं, धुरावलेलं गोमांस) बर्गर आणि केचप-मेयोनेजचा गुलाबी सॉस.

## २. स्वतंत्र दुकान ओळखायचं कसं

एकाच गावात दोन-तीन शाखा असल्या तरी हरकत नाही, मालक तिथलाच असला म्हणजे झालं. फ्रँचायझी विकणारी कंपनी आली की यादीतून काढा. नव्या दुकानाची माहिती शोधताना ताऱ्यांची सरासरी बघू नका, कारण पार्किंग नाही म्हणून एक तारा देणारे खूप असतात. फोटो बघा. चांगल्या खुणा: लहान मेन्यू, काउंटरमागे उघडा तवा, कामाच्या कपड्यांतले गिऱ्हाईक, कागदात गुंडाळलेला बर्गर. मेन्यूत सुशी, पास्ता आणि बर्गर एकत्र असतील तर पुढे चला. बर्गर लाकडी फळीवर, सुरी खुपसून उभा केलेला असेल तरीही.

स्थानिक वर्तमानपत्रांच्या जुन्या बातम्या सगळ्यात कामाच्या. 'अमुक दुकानाला ७५ वर्षं' अशी बातमी सापडली की त्यात मालक, पद्धत, जागा बदलली का, सगळं मिळतं.

## ३. कोण काय खाणार ते निघण्यापूर्वी ठरवा

मराठी ग्रुपमध्ये ही चर्चा गाडीत बसल्यावर होते आणि मग थांब्यागणिक अवघड होत जाते. ती घरीच उरका.

या दुकानांत बर्गर म्हणजे गोमांस, वेगळं लिहिलेलं नसलं तरीही. गोमांस न खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं:

- जुन्या लहान दुकानांत एकच तवा असतो. ग्रिल्ड चीज सँडविच, अंडं, वनस्पतीजन्य टिक्की, सगळं त्याच तव्यावर, त्याच उलथन्याने. हे चालत नसेल तर त्यांच्यासाठी वेगळं जेवण धरा.
- फ्राइज कशात तळतात हे विचारा. काही ठिकाणी गाईची चरबी असते. "डू यू फ्राय इन बीफ टॅलो?" असा थेट प्रश्न विचारला की थेट उत्तर मिळतं.
- राजम्यासारख्या दाण्यांच्या वाटणात डुकराची चरबी असू शकते. न्यू मेक्सिकोत शिजवलेल्या हिरव्या मिरचीतही कधी डुकराचं मांस असतं. फ्रितात आणि स्लगबर्गरमध्येही डुकराचं मांस असू शकतं.
- बायसन हा गवा-गाईच्याच कुळातला. 'बीफ नाही' म्हणून तो मागवण्याआधी विचार करा.
- ओक्लाहोमात किंवा कॅरोलिनात 'चिली' म्हटलं की मांसाचा रस्सा येतो, न्यू मेक्सिकोत मिरची.

शाकाहारी माणूस सोबत असेल तर पाय, मिल्कशेक आणि माल्ट (माल्टची पूड घातलेला मिल्कशेक) यांसाठी प्रसिद्ध असलेली ठिकाणं निवडा. पॅसाडीना आणि लॉस एंजेलिसचा पट्टा त्यासाठी चांगला. केवळ पाण्याची बाटली घेऊन बसायला कुणालाही लावू नका.

## ४. मोसम, वार आणि वेळ

यादी झाली की प्रत्येक दुकानापुढे बंदचा वार लिहा. रविवार आणि सोमवार सगळ्यात धोक्याचे. बरीच दुकानं फक्त दुपारी उघडी असतात, काही मांस संपलं की शटर ओढतात. कुटुंबाची दुकानं उन्हाळ्यात काही आठवडे सुट्टी घेतात. लुईज लंचला जाणार असाल तर ऑगस्ट टाळा.

एल रीनोला मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी कांदा-बर्गरचा उत्सव भरतो आणि शेकडो पौंडांचा एक महाकाय बर्गर करतात. उत्सव बघायचा तर त्या दिवशी, शांतपणे खायचं तर इतर कुठल्याही आठवड्यात.

घड्याळाचे पट्टे बदलतात हे लक्षात ठेवा. शिकागोहून मिशिगनला जाताना तास हरवतो, आणि दोनला बंद होणाऱ्या दुकानापाशी तुम्ही तीनला पोचता.

## ५. आदल्या दिवशी फोन करा

इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असतात. फोन सकाळी दहाच्या सुमारास करा, दुपारी बारा ते दीड मुळीच नाही, तेव्हा तव्यावर माणूस एकटा असतो. चार प्रश्न पुरतात: उद्या उघडं आहे का, शेवटची ऑर्डर किती वाजता, कार्ड चालतं का, सहा माणसं आली तर बसायला मिळेल का. सहा-आठ स्टुलांच्या दुकानात आठ जणांचा ग्रुप घेऊन जाणं अन्यायाचं आहे. दोन-दोन करून जा.

## ६. कागदपत्रं आणि गाडी

सोबत ठेवायचं:

- गाडी चालवणाऱ्याचं वैध लायसन्स. भारतीय लायसन्स असेल तर आंतरराष्ट्रीय परवानाही. तो भारतातूनच, आपल्या आरटीओकडून निघतो. नमुना ४-अ, पासपोर्ट, व्हिसा आणि लायसन्सच्या प्रती लागतात, शुल्क १,००० रुपये, मुदत साधारण एक वर्ष. निघण्याआधीच काढा. अमेरिकेत वास्तव्याला आलेल्यांना बहुतेक राज्यांत ठराविक मुदतीत तिथलंच लायसन्स घ्यावं लागतं.
- पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) ची प्रत. ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड. न्यू मेक्सिकोच्या दक्षिण भागात, लास क्रूसेसहून उत्तरेला येताना हायवेवरच बॉर्डर पेट्रोलचं तपासणी नाकं लागतं. तिथे 'घरी ठेवलंय' हे उत्तर चालत नाही.
- चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड. भाड्याची गाडी देताना त्यावर अनामत अडकवतात, डेबिट कार्ड अनेकदा नाकारतात.
- विम्याचा कागद. क्रेडिट कार्डाचा विमा बहुधा फक्त भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा असतो. समोरच्याचं नुकसान भरून देणारा विमा वेगळा असतो, तो आहे याची खात्री करा.

चालक २५ वर्षांखालचा असेल तर दररोज जादा आकार पडतो. विद्यार्थ्यांच्या ग्रुपने वयाने मोठ्या मित्राच्या नावावर गाडी घ्यावी आणि चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात टाकावं. नाव नसलेल्याने चालवली आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचा आकार मोठा असतो, म्हणून दौरा गोलाकार आखा.

पेट्रोल पंपावर भारतीय कार्ड घातलं की मशीन पिनकोड मागतं आणि व्यवहार अडतो. आत जा, पंपाचा नंबर सांगा, चाळीस डॉलर आधी भरा. उरलेले परत मिळतात. ईशान्येकडे टोल बहुधा ई-झेडपास या गाडीत लावायच्या यंत्राने भरतात. भाड्याच्या गाडीतली टोल योजना रोजचा आकार लावते, घेण्यापूर्वी वाचा.

दिवसाला २५० मैलांपेक्षा जास्त धरू नका. भरपेट बर्गरनंतर सरळसोट हायवेवर झोप येते, आणि संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. जेवल्यावर वीस मिनिटं गावातून चाला, मगच चाक हातात घ्या.

डिकीत: लहान कूलर, भरपूर पाणी, ओले वाइप्स, कागदी टॉवेल, सुरी, ओव्यासकट नेहमीची पोटाची औषधं. आणि आधीच उतरवून घेतलेले ऑफलाइन नकाशे, कारण न्यू मेक्सिकोत मैलोन्‌मैल सिग्नल नसतो.

## ७. काउंटरवर काय बोलायचं

शक्य तिथे टेबल सोडून काउंटर घ्या. जे शिकायचं ते तिथेच दिसतं.

पहिली ऑर्डर दुकानाच्या नेहमीच्या पद्धतीची. "हाउ डू यू युजुअली सर्व्ह इट?" एवढं विचारा आणि तसंच मागवा. बेकन, अंडं, तीन प्रकारचे सॉस घालून मागवलं तर त्या गावाची चव झाकली जाते. कॅरोलिनात "ऑल द वे" म्हटलं की मस्टर्ड, कांदा, मांसाचा चिली आणि कोबीची कोशिंबीर, सगळं येतं.

ॲन आर्बरच्या ब्लिम्पीला ऑर्डरचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकला की काउंटरमागून ओरडा बसतो. आधी तळायचे पदार्थ. मग टिक्क्या किती, दोनपासून पाचपर्यंत. मग बन कुठला. मग तव्यावर परतायचं काय, कांदा, मिरची, मश्रूम. चीज त्यांनी विचारल्यावर, आणि सॉस अगदी शेवटी. ओरडणं मनाला लावून घेऊ नका, पुढच्या माणसाचं ऐकत रांगेत उभं राहिलं की क्रम आपोआप पाठ होतो.

जाड टिक्कीच्या ठिकाणी किती शिजवू असं विचारतात. खिमा केलेल्या मांसात पृष्ठभागावरचे जंतू आत मिसळले जातात, म्हणून सरकारी सल्ला आतून १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सियसचा आहे. लहान मुलं, गरोदर बायका आणि ज्येष्ठांसाठी "वेल डन" सांगा. पातळ टिक्की तशीही पूर्ण शिजते.

## ८. किती खायचं आणि चव कशी बघायची

दिवसाला तीन दुकानं ही मर्यादा समजा, तीही दोघांत एक बर्गर अर्धा-अर्धा करून. चौथ्या थांब्याला जीभ थकलेली असते आणि चांगल्या दुकानाबद्दल मत उगाच वाईट होतं. फ्राइज शेवटच्या थांब्यालाच घ्या. मिल्कशेक दिवसाला एकच, सगळ्यांत मिळून.

पहिला घास सॉस न लावता. मग बघा:

टिक्कीची कड. दाबून केलेल्या पातळ बर्गरची कड जाळीदार, कुरकुरीत हवी. त्यासाठी तवा चांगला तापलेला लागतो आणि गोळा पहिल्या अर्ध्या मिनिटात दाबावा लागतो, चरबी घट्ट असतानाच. उलटल्यानंतर पुन्हा दाबणारा आचारी रस बाहेर काढतो. 'चर्र' आवाज मोठा येतो, बर्गर कोरडा होतो.

मांस. साधारण ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी हे प्रमाण चालतं. रोज दळलेलं मांस सैल असतं, घासात सुटतं. गोठवलेली तयार टिक्की रबरासारखी एकसंध तुटते आणि तिची कड एकदम गोल असते.

चीज. पिवळ्या अमेरिकन चीजला नाकं मुरडू नका. त्यातल्या क्षारांमुळे ते तूप न सोडता एकसारखं वितळतं आणि टिक्कीला चिकटतं. चांगलं मुरलेलं चेडर इतक्या उष्णतेला फाटून तेल सोडतं.

बन. शेवटच्या घासापर्यंत टिकला पाहिजे आणि तरी चावताना जाणवला नाही पाहिजे. कडक, चकचकीत बन आतलं सगळं मागून बाहेर ढकलतो.

## ९. पैसे

वीस डॉलरच्या दोन नोटा आणि पाच-पाचच्या, एक-एकच्या भरपूर, असे शंभरेक डॉलर रोख ठेवा. काही जुनी दुकानं अजून कार्ड घेत नाहीत, आणि आतल्या एटीएमचा आकार चांगलाच लागतो. पाटीवरच्या किमतीवर विक्रीकर वेगळा पडतो. टेबलावर वाढलं तर १८ ते २० टक्के टिप द्यायची. काउंटरवर बसून खाल्लं आणि समोरच्याने पाणी, नॅपकिन, बोलणं सगळं पुरवलं, तर तिथेही तेवढीच द्यावी. खिडकीतून पिशवी घेतली तर एक-दोन डॉलर बरणीत.

## १०. नोंद ठेवा आणि बंद दुकानाची तयारीही

प्रत्येक थांब्यानंतर गाडी सुरू करण्याआधी पाच ओळी लिहा: दुकान आणि गाव, वार आणि वेळ, काय मागवलं, तव्यावर काय दिसलं, पुन्हा आलो तर काय मागवू. तीन दिवसांनंतर फोटोंवरून काहीही आठवत नाही, सगळे बर्गर सारखेच दिसतात. फोटो काढायचे तर एक झटपट, फ्लॅशशिवाय. माणसांचे काढायचे असतील तर विचारून.

इतकं करूनही एखाद्या दारावर 'आज बंद' अशी चिठ्ठी सापडतेच. मालकाच्या घरी लग्न असतं, तवा बिघडलेला असतो, कधी दुकान कायमचं मिटलेलं असतं. अशा वेळी फोन काढून जवळचं काहीतरी शोधू नका, पहिली येतात ती साखळी दुकानंच. त्याच रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात, न्हाव्याकडे किंवा टायरवाल्याकडे जा आणि ते स्वतः दुपारी कुठे खातात ते विचारा. 'इथे चांगलं काय मिळतं' असं विचारू नका, त्यावर पाहुण्यांना सांगायचं ठरलेलं नाव येतं. "व्हेअर डू यू ईट लंच?" असं विचारा, आणि सांगितलेलं ठिकाण दोन मैलांत असेल तर लगेच निघा.